सरकारी शाळेत गावचा कार्यक्रम: मुख्याध्यापिका विमा मागतात, तो कुठून आणायचा?

पश्चिमभाग
नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं आमचं गाव. युवक मंडळातर्फे दर हिवाळ्यात व्याख्यानमाला असते, शेवटच्या दिवशी कबड्डीचे सामने आणि महिला मंडळाचं हळदीकुंकू. सगळं सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या पटांगणात. दोन खोल्या घेतो, एक पाहुण्यांना, एक सामानाला. आजवर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, अध्यक्षांना सांगितलं की किल्ली मिळायची.

यंदा नव्या बाई आल्यात. म्हणाल्या, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची परवानगी आणा, "कार्यक्रमात कुणाला काहीही झालं तर सगळी जबाबदारी मंडळाची" असं हमीपत्र द्या आणि त्याला विमा जोडा. बाईंचं चुकतंय असं मी म्हणत नाही. शेजारच्या तालुक्यात मंडपाचा पाईप पडून एका पोराचा हात मोडला आणि तिथल्या मुख्याध्यापकांनाच खुलासा द्यावा लागला, असं ऐकलंय. पण गावात लोक म्हणालेत, "आमच्या आज्यानं जागा दिली म्हणून शाळा उभी, आता आम्हालाच विमा विचारालेत."

एका एजंटाला फोन केला, तो एलआयसीची पॉलिसी गळ्यात बांधायला बघत होता. दुसरा म्हणाला, असला विमा आपल्याकडे नसतोच. खरंच नसतो काय?

कडे_गल्ली
असतो की. पण एलआयसीवाल्याकडे मागितला तर तो बिचारा काय देणार, आयुर्विमाच देणार. सध्या वर काढतो धागा, जाणकार येतील.

विमावाले_काका
पश्चिमभाग, एजंटावर रागावू नका. गाडी आणि मेडिक्लेमवर ज्याचं वर्ष निघतं त्याला हे माहीत असायचं कारण नाही. माझी सगळी नोकरी साधारण विमा कंपनीत गेली, म्हणून सांगतो.

तुम्हाला हवा तो पब्लिक लायबिलिटी विमा. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चारही सरकारी कंपन्या देतात, खासगी कंपन्याही देतात. थेट शाखेत जा आणि "कार्यक्रमासाठी, नॉन-इंडस्ट्रियल" असं ठासून सांगा. नाहीतर काउंटरवरचा पोरगा 1991 च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याचा फॉर्म पुढे करील. तो कायदा भोपाळनंतर आला, घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी. तुमच्या कबड्डीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

पॉलिसीवर दोन आकडे असतात. एका अपघाताला जास्तीत जास्त किती, आणि पूर्ण मुदतीत सगळे अपघात मिळून किती. त्यांचं प्रमाण 1:1 पासून 1:4 पर्यंत घेता येतं. चार दिवसांच्या कार्यक्रमाला 1:1 पुष्कळ झालं. म्हणजे 10 लाखांची मर्यादा घेतली तर एका अपघाताला 10 लाख आणि सगळे मिळूनही 10 लाखच. दाव्यातली पहिली काही रक्कम तुम्ही सोसायची, तिला एक्सेस म्हणतात. हप्त्यावर 18 टक्के जीएसटी. हप्त्याचा आकडा मी इथे टाकत नाही. किती माणसं येणार, मंडप केवढा, जेवण आहे का, फटाके आहेत का, यावर तो ठरतो. उगाच इथला आकडा घेऊन कुणी शाखेत भांडायला जायला नको.

आता खरी गोम. हा विमा जखमी माणसाचा नाही, तुमचा आहे. तुमच्या निष्काळजीपणानं दुसऱ्याला इजा झाली आणि भरपाई देणं कायद्यानं तुमच्यावर आलं, तर ती कंपनी भरते. वकिलाचा खर्चही भरते, पण आधी लेखी संमती घेतली असेल तरच. कबड्डीत चढाई करताना एखाद्याचा गुडघा निखळला, त्यात मंडळाची चूक काय? चूक नाही तर दावा नाही, दावा नाही तर पैसे नाहीत. खेळाडूला वेगळा, वैयक्तिक अपघात विमा लागतो. महाराष्ट्र सरकार दहीहंडीच्या गोविंदांचा काढतं तो हाच. मुंबईच्या किंग्ज सर्कलच्या जीएसबी मंडळाचा 2024 चा चारशे कोटींचा विमा पेपरात गाजला होता. त्यातही सिंहाचा वाटा कार्यकर्त्यांच्या अपघात विम्याचा, लायबिलिटीचा भाग 30 कोटींचा. लोक एकूण आकडा वाचतात आणि सगळं एकच समजतात.

कडे_गल्ली
काका, प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालेल काय कार्यकर्त्यांना? बँकेतून 20 रुपये कापतात तो.

विमावाले_काका
असावाच. वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख, कायमच्या अपंगत्वाला प्रमाणात. पण साधं हाड मोडलं तर त्यात काही मिळत नाही, आणि शाळकरी पोरं त्यात बसत नाहीत. खेळाडूंचा गट करून ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट काढता येतो. त्याच शाखेत विचारा.

बांधावरचा
सगळं शहरी सोंग आहे हे. निवडणुकीला शाळा ताब्यात घेतात, रात्रभर लाईट, पोलीस, गाड्या. 2019 च्या महापुरात निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाक, सगळीकडे शाळांत माणसं जनावरांसकट राहिली. तेव्हा कुणी विमा विचारला? आमच्या व्याख्यानमालेला चाळीस म्हातारी आणि वीस पोरं, तिथं विमा पाहिजे. मराठी शाळा म्हणून अडवालेत, दुसरं काही नाही.

पश्चिमभाग
बांधावरचे भाऊ, बाई स्वतः मराठीच आहेत आणि कार्यक्रम व्हावा असंच त्यांना वाटतं. शेजारच्या कन्नड शाळेतसुद्धा हेच मागितलंय, मी विचारून आलो.

वकीलीणबाई_टिळकवाडी
बांधावरचे दादा, प्रश्न रास्त आहे, उत्तर वेगळं आहे. मतदान केंद्रासाठी जागा ताब्यात घ्यायचा अधिकार सरकारला 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 160 नं आहे. महापुरात निवारा केंद्र चालवणारंही सरकारच. तिथं शाळेचा मालक आणि वापरणारा एकच असतो, काही झालं तर जाब कुणाला विचारायचा हे ठरलेलं. तुमच्या कार्यक्रमात मालक वेगळा, वापरणारा वेगळा. मधल्या फटीत मुख्याध्यापिका उभ्या आहेत.

ही फट काय करते त्याचं उदाहरण हरियाणातल्या डबवालीचं. 23 डिसेंबर 1995, एका शाळेचं स्नेहसंमेलन खासगी मंगल कार्यालयात होतं. सिंथेटिक कापडाचा मंडप, विजेची ठिणगी, बाहेर पडायला पुरेशी वाट नाही. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक लहान मुलं आणि त्यांच्या आया. भरपाईचा निकाल उच्च न्यायालयात यायला 2009 उजाडलं, आणि जबाबदारी कार्यक्रम करणारी संस्था, जागेचा मालक आणि सरकारी यंत्रणा यांच्यात वाटली गेली. कुणा एकाच्या गळ्यात नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चित्र आहे, गाव शाळेत जातंय. तत्त्व मात्र तेच: जागेतला दोष मालकाचा, मांडणीतला दोष आयोजकाचा, आणि दोन्ही मिसळले तर वाटणी.

आणखी एक. विमा फक्त पैशाचं बघतो. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पूर्वीच्या 304 अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. ती शिक्षा कुठलीही कंपनी तुमच्यासाठी भोगत नाही.

संपादक_मंडळ
भाषेचा मुद्दा वेगळ्या धाग्यावर घ्यावा. इथे विषय सांभाळा.

निवृत्त_गुरुजी
खानापूर तालुक्यात मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. बाई का घाबरल्या ते सांगतो. हेडमास्तर कोर्टाला भीत नाही, खात्याच्या नोटिशीला भितो. कोर्टात सरकारचा वकील उभा राहतो, नोटिशीला आपण एकटे.

त्यात शाळेची आवारं शैक्षणिक कामाव्यतिरिक्त वापरू देऊ नयेत, असं खात्याचं परिपत्रक 2013 पासून आहे. तेव्हा मुख्यमंत्री जगदीश शेट्टर, जे आता आपल्या बेळगावचे खासदार. ऑक्टोबर 2025 मध्ये सध्याच्या सरकारनं आणखी एक आदेश काढला, सरकारी जागा वापरायला खासगी संघटनांनी आधी परवानगी घ्यावी म्हणून. त्याला 28 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठानं स्थगिती दिली. त्या राजकारणात मला पडायचं नाही. पण टीव्हीवर हे सगळं बघितलेली मुख्याध्यापिका तोंडी परवानगीवर किल्ली देणार नाही, आणि देऊही नये. म्हणून अर्जात "व्याख्यानमाला, वाचन, विद्यार्थ्यांचे खेळ" हे आधी लिहा. ते शैक्षणिकच आहे, खोटं काही नाही. हळदीकुंकू खाली लिहा.

किल्ली घेण्याआधी बाई, एसडीएमसीचे अध्यक्ष आणि मंडळाचा एक माणूस यांनी शाळेत एक फेरी मारावी. मोबाईलवर फोटो काढावेत. कुठल्या भिंतीला चीर आहे, कुठलं कौल सुटलंय, कंपाउंडची भिंत कुठे कललीय, शौचालयाचं दार लागतं का. खानापूरच्या पावसात जुन्या कौलारू खोल्यांचे वासे आतून कुजतात, खालून दिसत नाहीत. धोकादायक म्हणून कुलूप घातलेली खोली कुणी कितीही विनवलं तरी उघडायची नाही. बिसिऊटच्या, म्हणजे पोरांच्या दुपारच्या जेवणाच्या, स्वयंपाकघरात सिलिंडर असतात, तिकडे कार्यकर्त्यांची चहाची शेगडी न्यायची नाही. मग हे सगळं कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करायची. खोलीचं कौल पडून कुणाला लागलं तर ते आधीच सुटलं होतं की तुमच्या मंडपवाल्याच्या शिडीनं सुटलं, हे त्या फोटोवरून कळतं. माझ्या मते विम्याच्या आधी हा कागद.

आणि वीज. शाळेच्या मीटरवरून हॅलोजन आणि साऊंड ओढू नका. हेस्कॉम या वीज कंपनीकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या. तारेवर आकडा टाकून वीज घेतली असेल तर विमावाले काका तोंड फिरवतील.

विमावाले_काका
मी नाही फिरवणार, दाव्याची पाहणी करणारा कंपनीचा सर्व्हेअर फिरवील. गुरुजींचं बाकी शंभर टक्के बरोबर.

खानापूरचा_पाहुणा
गुरुजी, आमच्याकडे मे महिन्यात लग्नाचा जानवसा शाळेतच असायचा. वऱ्हाड उतरवायला दुसरी जागाच नव्हती. आता काय करायचं?

निवृत्त_गुरुजी
लग्नाला आता परवानगी मागू नका, मिळणार नाही. ग्रामपंचायतीचं समुदाय भवन असेल तर पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) विचारा.

सनीवेल_ते_शहापूर
मूळचा शहापूरचा, सध्या कॅलिफोर्नियात. इथली आमची मराठी शाळा रविवारी सरकारी शाळेच्या वर्गांत भरते, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. आम्ही दर वर्षी हेच करतो.

इथे सिव्हिक सेंटर ॲक्ट नावाचा कायदा आहे. सरकारी शाळेची जागा ही लोकांच्या सभासंमेलनांचीही जागा, असं तो मानतो. पण वापरायच्या आधी विम्याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. सहसा एका घटनेला 10 लाख डॉलरची मर्यादा मागतात, आणि आमच्या पॉलिसीवर शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टचं नाव "ॲडिशनल इन्शुअर्ड" म्हणून घालावं लागतं. म्हणजे आमच्या चुकीबद्दल कुणी डिस्ट्रिक्टवर दावा लावला तर तेही आमच्याच छत्रीखाली येतात. छोट्या मंडळांना एका दिवसापुरतं कव्हर मिळतं.

तुम्हाला उपयोगी पडेल ती गोष्ट पुढची. त्या कायद्यातच वाटणी लिहिलेली आहे. वापरणाऱ्या गटाच्या निष्काळजीपणाची जबाबदारी गटाची आणि त्याचा विमा गटानं काढायचा. इमारतीची मालकी आणि देखभाल यातल्या निष्काळजीपणाची जबाबदारी डिस्ट्रिक्टची. "काहीही झालं तरी सगळं तुमच्यावर" असं शाळा लिहून घेत नाही.

बांधावरचा
अमेरिकेत पाऊस पडला की इथं छत्री उघडायची काय?

सनीवेल_ते_शहापूर
नको, पण बाईंनी मागितलेलं हमीपत्र इथे कुणी मागितलं तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवतात. तेवढं घ्या.

विमावाले_काका
सनीवेलकरांनी बरोब्बर जागी बोट ठेवलं. पश्चिमभाग, ते "सगळी जबाबदारी मंडळाची" असलेलं हमीपत्र तसंच सही करू नका. नुसतं अन्यायाचं आहे म्हणून नाही. लायबिलिटी पॉलिसीत एक अपवाद असतो: कायद्यानं तुमच्यावर येत नव्हती, पण तुम्ही कराराने अंगावर घेतली, ती जबाबदारी विम्यात नाही. शाळेचं कुजलेलं छप्पर पडलं तर कायद्यानं ते तुमच्यावर कदाचित आलंच नसतं. हमीपत्रानं तुम्ही ओढवून घेतलंत. आता कंपनी म्हणणार, हे आमच्याकडे नाही. बाईंना वाटणार विमा आहे, तुम्हाला वाटणार विमा आहे, आणि दावा आला की तो फक्त कागदावर.

आणखी अपवाद ऐकून ठेवा. पैसे देऊन लावलेली माणसं यात येत नाहीत, त्यांच्यासाठी कर्मचारी भरपाईचा वेगळा विमा. तुमच्या ताब्यात दिलेली वस्तू, म्हणजे शाळेचा टीव्ही, बाक, ही मोडली तर सहसा येत नाही. ते वाढीव कव्हर म्हणून मागावं लागतं, मिळेलच असं नाही. मंडपवाल्याकडून वेगळं लिहून घ्या की खांब, दोर, वायरिंगची जबाबदारी त्याची. बहुतेकांचा विमा नसतो, पण सही मागितली की खांब जरा जास्त खोल रोवतात हा अनुभव आहे.

मंडळाची नोंदणी आहे ना?

पश्चिमभाग
नोंदणी नाही काका. मंडळ जुनं आहे, पावती पुस्तक आहे, बँक खातं अध्यक्ष आणि खजिनदारांच्या नावावर.

वकीलीणबाई_टिळकवाडी
मग कायद्याच्या नजरेत मंडळ नावाचं कुणी नाहीच. दावा अध्यक्ष, खजिनदार आणि पुढे दिसणाऱ्या चारजणांवर त्यांच्या स्वतःच्या नावानं लागेल, आणि वसुली आली तर त्यांच्या शेतीवर. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा 1960 खाली सात सभासद असले की नोंदणी होते. यंदा वेळ नसेल तर पुढच्या वर्षीसाठी आजच सुरू करा.

विमावाले_काका
शिवाय 1 जानेवारी 2023 पासून कुठलाही नवा विमा केवायसीशिवाय निघत नाही. नोंदणी नसेल तर पॉलिसी अध्यक्षांच्या व्यक्तिगत नावानं निघेल. चालतं, पण पॉलिसीत "मंडळाचे पदाधिकारी, कार्यकर्ते आणि शाळा" यांचाही उल्लेख करून घ्या, नाहीतर अध्यक्ष सुरक्षित आणि बाकीचे उघडे.

पश्चिमभाग
एक शंका. आमच्याकडे काही झालं तर कोर्टात कुणी जात नाही. देवळात पंच बसतात, मंडळ दवाखान्याचा खर्च देतं, दोन ओळी लिहून विषय मिटतो. मग विमा वापरणार कधी?

विमावाले_काका
इथंच सगळे अडकतात. पॉलिसीची अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही, तडजोड करायची नाही. पंचांच्या त्या दोन ओळींत "मंडळाच्या चुकीमुळे" एवढं जरी आलं तरी कंपनीला हात झटकायला पुरतं. गावाची रीत चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण त्या रीतीत विमा बसत नाही.

बांधावरचा
पोरगं रक्तात पडलंय आणि आम्ही कंपनीच्या परवानगीची वाट बघत बसायचं? असला विमा घाला चुलीत.

विमावाले_काका
कोण म्हणालं वाट बघा? आधी 108. पोराला दवाखान्यात घाला, पैसे भरा, पावत्या ठेवा. त्याच दिवशी शाखेला फोन आणि लेखी कळवा. फोटो, साक्षीदारांची नावं. फक्त भरपाईची बोलणी तेवढी थांबवा.

वकीलीणबाई_टिळकवाडी
पैसे देताना पावतीवर लिहा: "माणुसकीच्या नात्यानं तातडीची मदत, कोणतीही जबाबदारी मान्य न करता." पंच बसले तरी हरकत नाही, कंपनीचा माणूस किंवा वकील येईपर्यंत आकडा ठरवू नका. आणि जखमी अल्पवयीन असेल तर पंचांच्या कागदानं विषय मिटला असं समजू नका. अज्ञान मुलाच्या वतीनं केलेली तडजोड तो सज्ञान झाल्यावर अंगावर येऊ शकते.

बांधावरचा
हे पटलं. चुलीतला विमा बाहेर काढतो.

पश्चिमभाग
वकीलताई, मग बाईंना काय लिहून देऊ? रिकाम्या हातानं गेलो तर किल्ली मिळायची नाही.

वकीलीणबाई_टिळकवाडी
एवढं पुरे:

"मंडळाने उभारलेला मंडप, व्यासपीठ, विजेची जोडणी, खेळ आणि जमावाचे नियोजन यातील मंडळाच्या निष्काळजीपणामुळे त्रयस्थ व्यक्तीस इजा अथवा नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी मंडळाची राहील. त्यासाठीच्या विम्याची प्रत सोबत जोडली असून त्यात शाळेच्या नावाचा समावेश आहे. इमारत, छप्पर, कंपाउंड भिंत व शाळेची कायमची वीजजोडणी यांतील पूर्वीपासूनच्या दोषांची जबाबदारी मंडळावर राहणार नाही. सोबतच्या संयुक्त पाहणीत धोकादायक म्हणून नोंदवलेल्या खोल्या व जागांचा वापर केला जाणार नाही."

शेवटचं वाक्य बाईंच्या संरक्षणाचं आहे, ते त्यांना दाखवून द्या. बाई अडल्या तर तिसऱ्या वाक्यावर अडतील. तेव्हा सांगा की ते नसेल तर विमा लागू पडत नाही, आणि लागू न पडणारा विमा त्यांच्याही कामाचा नाही.

निवृत्त_गुरुजी
बीईओ ऑफिसला अर्ज कन्नडमध्येच द्या, मराठी प्रत सोबत. नाहीतर टेबलावर पडून राहतो. मजकूर मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, कन्नड करून देतो. अर्जावर एसडीएमसीच्या ठरावाचा क्रमांक घालायला विसरू नका. तो नसेल तर साहेब पहिला प्रश्न तोच विचारतात.

पश्चिमभाग
गुरुजी, आज रात्रीच पाठवतो. ठराव सोमवारी घेतोय. मंडपवाल्याला सहीचं बोललो, तो म्हणाला "एवढी वर्षं काय पडलंय काय?" पण देतो म्हणालाय.

कडे_गल्ली
काका, एक राहिलं. पाऊस येऊन कार्यक्रमच बुडाला तर?

विमावाले_काका
ते कार्यक्रम रद्द होण्याचं कव्हर, वेगळं असतं आणि महाग पडतं. व्याख्यानमालेला घेऊ नका.

बांधावरचा
आमच्या जत्रेला मोठा पाळणा असतोय, शाळेच्या मैदानावरच. तो या विम्यात येतो काय?

विमावाले_काका
नाही. पाळण्याला वेगळी पॉलिसी, आणि ती पाळणेवाल्याच्या नावाची पाहिजे. नवा धागा काढा आणि जत्रेची तारीख घाला, सविस्तर लिहितो.